पंपावरचे पाच ठिपके

सानगडी
मंगळवार, दुपारचे सव्वातीन

आदरणीय भाऊजी यांना,

संघपालचा सविनय जयभीम. वच्छलाताईला जयभीम, अंकुशला आणि सूनबाईंना आशीर्वाद. तुमची साखर आता कुठवर आहे? सकाळचं फिरणं सुरू आहे ना, की थंडीचं निमित्त सांगून गॅलरीतच फेऱ्या घालता? ताईच्या गुडघ्यांना तेल चोळून देणारं कुणी आहे का तिथे? इकडे धानकापणी आटोपली, भाऱ्यांचे ढीग रचून पुंजणे लागले. रत्नमालाने नणंदेसाठी लाखोळीची डाळ करून डबा भरून ठेवला आहे. आमच्या मनालीची सुटी संपली, ती उद्या सकाळी नागपूरला नर्सिंगच्या होस्टेलवर परत निघते. हे पत्र मी तिच्याच हाती देतो आहे, म्हणजे ती ते तुमच्या हातात ठेवील आणि तुमचं वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही (तसं तिला बजावलं आहे). बाकी आम्ही सर्व खुशाल आहोत, आणि अर्ध्या तासात गाडीही खुशाल होईल अशी आशा आहे.

आता 'गाडी' हा शब्द वाचून तुम्ही पत्राची घडी घालायला घेतली असेल. घालू नका. फोनवर मी हा शब्द काढला की तुम्ही फोन ठेवता. दोन वर्षांत सात वेळा ठेवला, त्यांतल्या एका वेळी तर मी बैलगाडीबद्दल बोलत होतो. पत्र तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून फोन सोडून कागद घेतला. तर होय, तुमची पांढरी डिझेल गाडी अजून आहे. ती भंगारात गेलेली नाही. माझ्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. तुम्ही त्या दिवशी साकोलीच्या दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाला होता, "तिचं काय कराचं ते तू कर, माह्या डोळ्यासमोर नको." तुमच्या डोळ्यासमोर ती मी एकदाही आणली नाही. आणि काय करायचं ते मी आता करतो आहे. यात आज्ञाभंग कुठे झाला ते मला दाखवून द्यावं.

त्या दिवसाची आठवण मला तरी कुठे हवी आहे? मे महिना, दुपारचा एक, साकोली सोडून चार किलोमीटर, आणि गाडी हायवेवर जी बंद पडली ती पडली. दीड तास तुम्ही बॉनेटखाली डोकं घालून होता आणि ताई आत उन्हाने कोमेजत गेली. शेवटी ती बेशुद्ध पडली, कुणा ट्रकवाल्याने दवाखान्यात पोचवलं, दोन सलाइन लागल्या. तेव्हापासून तुम्ही स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आणि ताईचं तुम्हाला माहीतच आहे. एस.टी.त तिला उलट्या होतात, अंकुशच्या नव्या गाडीत काचा बंद करून एसी लावला की तिचा जीव घाबरतो. त्या पांढऱ्या गाडीत काच खाली करून, पाय लांब करून, पुढच्या सीटवर बसली की मात्र ती गाणी म्हणत यायची. गाडी बंद पडली आणि माझी बहीण माहेराला यायची बंद झाली. भाऊजी, मला एकच बहीण आहे. दोन वर्षं ती या अंगणात आलेली नाही, हे मला सहन होत नाही. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

आणि घाई एवढ्यासाठी की गाडीच्या नोंदणीची मुदत येत्या रविवारी संपते. ही तिसरी वेळ. पहिल्या दोन्ही वेळा तुम्हीच भंडाऱ्याला नेऊन तिची तपासणी करवून घेतली होती. या वेळी शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. शुक्रवारी ती आपल्या पायांनी भंडाऱ्याच्या आरटीओच्या मैदानात उभी राहिली तर पुढची पाच वर्षं तिची, नाही तर एक भंगारवाला आतापासूनच गोठ्यात डोकावून टायर दाबून जातो आहे. आज मंगळवार. पंप आत्ताच इंजिनावर बसवून झाला आहे. आमचा बंटी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला गेला आहे. ती आली की किल्ली फिरवायची. त्यानंतर एक तर इंजिन सुरू होईल, किंवा बंटीच्या शब्दांत, "पिस्टन बसते काका," म्हणजे इंजिन कायमचं गेलं. तोवर मला एका जागी बसवत नाही म्हणून लिहायला बसलो. अक्षर हललेलं दिसेल, ते त्यामुळे.

तुम्हाला पंप म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, पण हे पत्र ताईही वाचणार, म्हणून तिच्यासाठी सांगतो. ताई, डिझेलच्या गाडीत एक नारळाएवढा, पण उचलला तर पायलीभर तांदळाइतका जड पंप असतो. चार नळ्यांनी तो इंजिनाच्या चार घरांत डिझेल पोचवतो. पंगतीत वाढणाऱ्याने ज्याच्या पानातलं संपलं त्याला नेमकं तेव्हाच वाढावं, तसं. जरा आधी वाढलं की ठोके पडतात, जरा उशिरा वाढलं की धूर. म्हणून पंप काढताना तो इंजिनाशी कसा जुळलेला होता त्याची खूण करून ठेवावी लागते, आणि बसवताना खुणेला खूण लावून बसवावा लागतो. या पत्रात पुढे जे काही घडतं ते सगळं या खुणेमुळे घडतं, तेव्हा हे लक्षात ठेव.

बंटी म्हणजे आपल्या शेजारच्या बाबूलालजींचा मुलगा. बत्तीस वर्षांचा आहे, पंचक्रोशीतले ट्रॅक्टर तोच पाहतो. गाडीचा पंप त्याने याआधी काढला नव्हता, हे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं, पण पंप निघाल्यावर सांगितलं. आधी विचारलं तेव्हा म्हणाला होता, "पंप तं पंप राह्यते काका, ट्रॅक्टरचा काय अन् गाडीचा काय." मी विश्वास ठेवला. शिवाय देखरेखीला मी होतोच. (हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं सहायक आहे. तुम्ही मला 'बाटल्या पुसणारा' म्हणता ते मी मनावर घेतलेलं नाही, फक्त इथे नमूद करतो.) माझा नियम एकच, कोणतीही वस्तू जागेवरून हलवण्याआधी तिला चिठ्ठी लावायची. गुरुवारी काम सुरू झालं तेव्हा मी चारही नळ्यांना, डिझेलच्या पाइपांना, ॲक्सिलरेटरच्या केबलला, प्रत्येक नटाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. एकूण एकवीस चिठ्ठ्या, सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने. पहिली नळी सैल होताच डिझेल उडालं आणि संध्याकाळपर्यंत एकवीस निळसर कोरे कागद दोऱ्यांना लोंबकळत होते. बंटीने ते एकेक सोडून वाळायला तारेवर घातले. ते मला फार लागलं.

मुख्य खुणेची वेळ आली तेव्हा बंटीने छिन्नी आणि हातोडी घेतली. पंपाच्या कडेवर आणि त्यामागच्या, इंजिनाच्या लोखंडी पाटीवर मिळून एक आडवा चरा मारायचा, हीच रीत आहे म्हणाला. मी त्याचा हात धरला. भाऊजी, ही तुमची गाडी. एकदा अंकुशच्या सायकलीचं हँडल तिच्या दाराला घासलं तर तुम्ही आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हता. त्या गाडीवर मी छिन्नी चालवू द्यावी? मी म्हटलं, माझ्या भाऊजींच्या गाडीला चरा पडणार नाही, दुसरा उपाय सांग. त्याला दुसरा उपाय माहीत नव्हता, मला होता. मनालीची लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि तिच्याच कुंचल्याने पंपावर एक आणि पाटीवर एक, अशा समोरासमोर दोन सरळ रेघा ओढल्या. वाळल्यावर त्या डिझेलने जात नाहीत, हे मी आधी एका खिळ्यावर तपासून पाहिलं. बंटी एवढंच म्हणाला, "चरा मारला असता तं झंझटच नव्हती राह्यली." त्याचं ऐकलं असतं तर हे पत्र पानभरात संपलं असतं.

नंतर पंपाचा तिसरा नट (तो अशा जागी आहे की दिसत नाही, नुसता हाताला लागतो, आणि हात तिथे अडकतो) सव्वा तासात निघाला, आणि पुलर लावून पंप ओढत असताना आतून टिंग असा बारीक आवाज झाला. बंटीचा चेहरा उतरला. "काका, चावी पडली." हे ऐकून रत्नमाला, मनाली आणि कुंपणापलीकडून शकुनबाई (बंटीच्या आई) अशा तिघी जणी गाडीची किल्ली शोधू लागल्या. रत्नमालाने अंगण झाडलं, शकुनबाईंनी गवताची गंजी हलवली. किल्ली माझ्या खिशात होती. बंटीची चावी म्हणजे नखाएवढी अर्धचंद्राकृती पोलादी चकती, पंपाचं चाक दांड्यावर फिरू न देणारी, आणि ती इंजिनाच्या पोटात, दात्यांच्या चाकांमध्ये पडली होती. तशीच राहिली तर इंजिन पहिल्याच फेरीत ती चावून स्वतःचे दात पाडून घेणार. मी सायकल काढली, शाळेत गेलो, साहित्याच्या वहीत रीतसर 'नालाकृती चुंबक, एक नग, घरगुती प्रयोगासाठी' अशी नोंद करून सही केली आणि चुंबक दोऱ्याला बांधून आणला. तासभर मी तो इंजिनाच्या पोटात सोडून वर ओढत होतो. आत काही दिसत नाही, फक्त दोऱ्याला जरा जड लागतं की नाही एवढंच कळतं. पहिल्यांदा एक वॉशर आला, तो कधीचा आत होता देव जाणे (हा नुसता बोलण्याचा भाग, तुम्ही लगेच मला धरू नका). मग चावी आली. सव्वीस वर्षांत मुलांना चुंबक दाखवला, पण त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले ते तेव्हाच.

शुक्रवारी पंप पिशवीत घालून साकोलीला गेलो. पिशवीतून डिझेल ठिबकत होतं. कंडक्टरने वास घेत घेत मला गाठलं आणि पिशवीत काय म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, पंप. त्याला वाटलं शेतातला, आणि मग शेतातल्या पंपाला डिझेलचा वास का, यावर आमची निम्म्या वाटेपर्यंत चर्चा झाली. शेवटी त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवायची अट घातली. डिझेलने भिजलेली पँट घेऊन मी ज्या दुकानात शिरलो त्याच्या पाटीवर 'डिझेल लॅब' असं होतं. भाऊजी, मी लॅब या शब्दावर पोट भरणारा माणूस. आत एकही परीक्षानळी नव्हती. पण कारागीर ईश्वरभाऊ हुशार निघाले. त्यांनी पंप उघडून मला आतलं जे दाखवलं त्याबद्दल वेगळं लिहितो, ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. सोमवारी सकाळी पंप दुरुस्त होऊन, यंत्रावर चाचणी होऊन, नवरदेवासारखा धुऊनपुसून मिळाला.

आता सोमवारी दुपारची गोष्ट. घरी आणून पाहतो तर धुण्यात माझी रेघ पुसट झाली होती. होती, पण पुसट. म्हणून पंप अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला, जवळ नेलपॉलिशची बाटली ठेवली, म्हटलं जेवून येतो आणि रेघ ठळक करतो. जेवायला मला वीस मिनिटं लागली. (वांग्याची भाजी होती.) बाहेर येऊन पाहिलं तर पंपाच्या कडेवर लाल ठिपके. एक, दोन, तीन, चार, पाच. सारखे गोल, सारखे लाल, एका ओळीत, बोटभर जागेत. रेघ कुठेच नाही. मी तीन वेळा मोजले. रत्नमालाला वाटलं मनालीने केलं, मनालीला वाटलं मी केलं, आणि मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालं.

बंटी चार वाजता आला, ठिपक्यांकडे पाहिलं आणि सरळ आपल्या घराकडे चालू लागला. पाच मिनिटांनी शकुनबाईंना घेऊन आला. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक लालभडक होतं, आणि त्या बोट पदराला पुसत होत्या, पण ते निघत नव्हतं. त्यांच्या घरी दसऱ्याला तराजूपासून पाण्याच्या इंजिनापर्यंत सगळ्या लोखंडाला कुंकवाची पाच बोटं लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी कुंपणावरून पाहिलं, पंप नवा होऊन आलेला, त्यावर एक लाल रेघ, जवळ लाल बाटली. त्यांना वाटलं आम्ही सुरुवात केली आणि पुढचं आम्हाला माहीत नाही. "तुमच्या घरी कुकू चालत नाही, मले मालूम आहे," त्या रत्नमालाला म्हणाल्या. "माह्या घरचं आनून लावलं असतं तं बरं नाही दिसत. तुमचीच बाटली होती, म्हनलं नखाले लावाचं तं साऱ्याईच्याच घरी चालते." भाऊजी, मी भांडायला तोंड उघडलं होतं ते मिटून घेतलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात करंडा नाही, आणि या बाईंनी तो मान राखायला स्वतःचं बोट रंगवून घेतलं. माणसाने कुणावर रागवावं? त्यांनी कुंकू लावलं असतं तर फडक्याने पुसलं असतं आणि खाली माझी रेघ दिसली असती. त्यांच्या चांगुलपणानेच आमचा घात केला.

बंटीने विचारलं, पहिली निशाणी कोणत्या ठिपक्याखाली आहे? त्या म्हणाल्या, "तेच्यावर बी एक लावली. तेलेच काहून सोडाचं?" कोणत्या, ते त्यांना आठवेना. आई आणि मुलगा यांच्यात मग जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते हिंदीत झालं आणि दोघांच्याही रागाचं व्याकरण चुकत होतं. बंटीने पंप इंजिनाला लावून पाहिला. पंप आपल्या जागी थोडासाच फिरतो, म्हणून दोन टोकांचे दोन ठिपके आपोआप बाद झाले. राहिले तीन. तिन्हींपैकी एक बरोबर. एका बाजूने चुकला तर गाडी धूर ओकेल आणि आरटीओत नापास. दुसऱ्या बाजूने चुकला तर डिझेल वेळेआधी पडून इंजिनाचा आतूनच चुरा. आणि कोणता कुठला ते माहीत नाही. ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. साकोलीच्या ईश्वरभाऊंना फोन केला, त्यांनी विचारलं, चरा मारला होता ना? मी रेंज गेल्याचं सांगितलं.

आज सकाळी तोड निघाली ती रत्नमालाच्या डोक्यातून. ती म्हणाली, ठिपके बोटाचे आहेत आणि रेघ कुंचल्याची आहे, वरचा थर काढला तर खालचा दिसेल. मनालीकडे नेलपॉलिश काढायचं औषध होतं. (ते ॲसिटोन. त्याच्या बाटल्यांना मी सव्वीस वर्षं चिठ्ठ्या लावल्या आहेत.) अर्थातच हे काम माझं होतं. पण ते औषध थरामागून थर असं काढत नाही, सगळंच काढतं, एक पुसा जास्त झाला की खालची रेघही गेली. मी कापूस हातात घेतला आणि तो दोनदा वाळेपर्यंत नुसता नेमच धरत राहिलो, तेव्हा रत्नमालाने तो कापूस माझ्या बोटांतून काढून घेतला, मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "तुम्ही बसा तिकडं. अन् श्वास जरा हळू घ्या, पंपावर येऊन राहिला." बंटी, मनाली, शकुनबाई, बाबूलालजी, सगळे टेबलाभोवती उभे. पहिला ठिपका तिने पुसला. खाली नुसतं लोखंड. मधल्यावर तिने कापूस टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, उचलला. तिसऱ्या वेळी लाल गोलाच्या आत एक गडद, सरळ, उभी काडी दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. रत्नमालाने हात वर घेतला. कुणी काही बोलायच्या आत बंटीने छिन्नी लावली आणि एकच ठोका दिला.

तर भाऊजी, चरा पडलेला आहे. चांगला खोल आहे. तो माझ्या संमतीने पडलेला नाही, पण मी त्याला अडवलंही नाही, हे खरं ते सांगतो.

बंटी आला. बॅटरी डोक्यावर आहे. पेन खाली ठेवतो.

पाच वाजून दहा मिनिटं.

किल्ली फिरवायला मनाली बसली, बंटी इंजिनापाशी, मी गोठ्याच्या खांबाला धरून. पहिल्यांदा फिरवली, इंजिन नुसतं घरघरत फिरलं. काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. मी खांबाला डोकं टेकलं. बंटी म्हणाला, नळ्यांत हवा आहे, आणि एकेक नट सैल करून हवा काढत बसला, त्याला वीस मिनिटं लागली, ती मला वीस वर्षांची गेली. तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि गाडी एकदा खोकली. चौथ्यांदा ती सुरू झाली. आधी ठोके असे की बाबूलालजी चार पावलं मागे सरले, मागून काळा धूर निघाला तो थेट शकुनबाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर, आणि मग हळूहळू धूर करडा झाला, पातळ झाला, दिसेनासा झाला, आणि ठोके एका लयीत आले. तोच आवाज, भाऊजी. ताई आली म्हणजे वळणावरूनच यायचा तो. रत्नमाला पदर डोळ्यांना लावून घरात गेली. मी बाहेरच उभा राहून रडलो, मला लाज वाटत नाही. बंटीने बंद करून पुन्हा सुरू करून पाहिली, तीन वेळा. तिन्ही वेळा एका किल्लीत.

तेव्हा विनंती एवढीच की गाडीच्या मालकाच्या जागी मी हजर राहू शकतो, असं अधिकारपत्र सोबत जोडलं आहे. पेन्सिलीने फुली केलेल्या ठिकाणी सही करून मनालीजवळ द्यावं. बाकी सगळं मी पाहून घेतो, तुम्ही कशाचीही तसदी घेऊ नये. प्रकृतीला जपावं, गोड कमी खावं, माझ्या लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर लहान समजून पोटात घालावं.

तुमचा,
संघपाल

ता. क. आरटीओचा अर्ज भरताना मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो आला होता. तुम्ही दुपारी झोपला होता तेव्हा ताईने तुमच्या उशाचा फोन उचलून मला सांगितला. तुम्ही साऱ्या कॉलनीला ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका म्हणून शिकवलं आहे, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, ते लोकाईच्या भावासाठी आहे. म्हणजे हा सगळा बेत तिला दोन महिन्यांपासून माहीत आहे. तिच्यावर रागवू नका. गाडी ताडपत्रीखाली ठेव, हे दवाखान्यात सलाइन सुरू असतानाच तिने मला सांगितलं होतं.

ता. क. ईश्वरभाऊंनी पंप उघडून दाखवलं ते असं. आत डिझेल ओढणाऱ्या चार पोलादी पत्त्या असतात, त्यांतली एक मधोमध तुटली होती. ते म्हणाले, ही आतूनच तडकलेली होती, कुठेही, कधीही, कुणाच्याही हातात गाडी असती तरी तेव्हाच तुटली असती, आणि तुटल्यावर रस्त्यावर उभं राहून कुणालाही ती सुरू करता आली नसती. मी त्यांना दोनदा विचारलं, डिझेल कमी घातलं म्हणून, किंवा उन्हात फार पळवली म्हणून असं होतं का? ते नाही म्हणाले. भाऊजी, दोन वर्षं तुम्ही जो दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या घालता आहात, तो तुमचा नव्हता. तो पंपाचा होता.

ता. क. अधिकारपत्र जोडलं आहे असं वर लिहिलं ते खोटं आहे. पाकिटात शोधू नका. मालक स्वतः हजर असला तर ते लागत नाही. शुक्रवारी सकाळी नागपूरहून एस.टी.ने दहापर्यंत भंडाऱ्याला या, बंटी गाडी तिथवर आणून उभी करील आणि परत जाईल, त्याला धानाच्या मळणीची कामं आहेत. तिथून पुढे नागपूरला जाऊन ताईला घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत सानगडीला पोचायचं, आणि मला गाडी चालवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ताईची पिशवी भरलेली आहे. पुढची सीट तिची, मी मागे बसेन.